ढोलकी परदेशी जाते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. भंडारा-गोंदियाकडची खडी गंमत किंवा दंडार ही लोकनाट्यं युरोपातल्या महोत्सवाला न्यायची असतील, तर तालमीआधी निमंत्रणपत्र नीट वाचा. नुसतं 'आपण यावे' म्हटल्यानं भागत नाही. प्रत्येक कलावंताचं नाव, प्रयोगांच्या तारखा, तिकीट-मुक्कामाचा खर्च कोणाकडे, हे सगळं त्यात हवं. आपल्याकडे घोळ होतो तो नावाचाच. गावात शाहीर म्हणून एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. पत्रात पासपोर्टवरचंच घाला. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात प्रयोग झाला असेल, तर ते प्रमाणपत्र अर्जाला जोडा. कलावंत असल्याचा पुरावा होतो.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. त्या 15 दिवसांच्या भरवशावर राहू नका. बारा जणांत नेमका ढोलकीवाल्याचा व्हिसा अडकला, तर बाकीचे अकरा जाऊन करणार काय? प्रवासविमा निदान 30,000 युरोचा लागतो.

पैशांचं एकच सांगतो. परदेशातून संस्थेला अनुदान किंवा देणगी येणार असेल, तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आधी घ्या. ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. प्रयोगाची फी ही वेगळी बाब, म्हणून करारात शब्द कोणता वापरलाय, ते सीएला दाखवा.

आता वाद्यं. ती तात्पुरती नेऊन परत आणायची, तर फिक्की या उद्योग-व्यापार संघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे शुल्क न भरता सामान तात्पुरतं नेण्याचा कस्टमचा कागद, काढता येतं. मुदत जास्तीत जास्त 1 वर्ष. यादीत नुसतं 'चोनका' लिहिलं, तर तिकडच्या कस्टमवाल्याला काय कळणार? फोटो, वजन, किंमत, सगळं द्या. जाता-येता दोन्हीकडचे शिक्के तपासा; एक राहिला की शुल्काची नोटीस येऊ शकते. मोरपिसांचा तुरा मात्र घरीच ठेवा, मोरपिसांच्या निर्यातीला आपल्याकडेच बंदी आहे. पुढे ऑस्ट्रेलियाचा दौरा ठरला, तर चामड्याचं वाद्य उतरताच जाहीर करावं लागतं. पुडीवर, म्हणजे वाद्याच्या कातड्यावर, केस राहिले असतील, तर ते तिथेच अडकतं.

आणि विमानात चढवण्याआधी ढोलकी उतरवून, म्हणजे पुडी सैल करून घ्या. हिवाळ्यात तिकडच्या सभागृहांत हीटर चालतात, हवा कोरडी होते, आणि नागपूरच्या मे महिन्यात चढते तशीच पुडी चढते, म्हणजे आवळते. ताणलेली असली तर फाटते. जादा पुड्या हातातल्या बॅगेत असू द्या.