साथ येण्याआधीची वर्षे

पुण्यातील डॉ. आंबेडकर रस्त्यावरील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था सामान्य पुणेकराला ‘एनआयव्ही’ (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी) म्हणून खऱ्या अर्थाने परिचित झाली ती २००९ मध्ये, स्वाइन फ्लूच्या साथीत. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागत होत्या आणि संशयितांच्या घशातील स्रावाचे नमुने येथे येत होते. संस्थेचा जन्म मात्र १९५२ चा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ या नावाने ती सुरू केली, तेव्हा डास आणि गोचिडी यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेणे हे तिचे मुख्य काम होते.

विषाणुशास्त्रात एम.एस्सी. करण्यासाठी पुण्यात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात बहुधा निपाह किंवा कोविडच्या बातम्या असतात. त्याने आधी शिकायचे असते ते पेशी जगवणे. विषाणू जिवंत पेशीखेरीज कोठेही वाढत नाही. म्हणून काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीत पेशी वाढवणे, त्यांचे माध्यम, म्हणजे ज्यात त्या वाढतात तो पोषक द्रव, वेळेवर बदलणे आणि त्यांत बुरशी किंवा जिवाणू शिरू न देणे, हे काम हाताला पूर्ण वळण लागेपर्यंत करावे लागते. या कामाला दुय्यम मानणे चुकीचे ठरेल. १९६७ मध्ये याच संस्थेतील के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशींची एक मालिका, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येणाऱ्या पेशी, तयार केली. पुढे तिच्यातूनच निवडलेल्या ‘सी ६/३६’ या पेशी आज जगभरातील प्रयोगशाळांत डेंग्यूचा विषाणू वाढवण्यासाठी वापरल्या जातात. पुण्यात त्या काळी हे काम झाले, याची आपल्याकडे पुरेशी आठवण ठेवली गेलेली नाही, असे मला मनापासून वाटते.

पेशींच्या जोडीने या संशोधकाला रान ओळखावे लागते. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या पथकाने तेथे जाऊन गोचिडींमार्फत पसरणारा एक नवा विषाणू शोधून काढला. हाच आजार पुढे सिंधुदुर्गात, काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांपर्यंत, ‘माकडताप’ म्हणून पोहोचला. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी आढळला, तेव्हाही निदान झाले ते गावातून घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांमुळेच.

घातक विषाणू हाताळण्याची परवानगी त्यानंतर, टप्प्याटप्प्याने मिळते. पाषाण येथे २०१२ मध्ये सुरू झालेल्या जैवसुरक्षा पातळी चारच्या, म्हणजे सर्वांत कडक सुरक्षेच्या, प्रयोगशाळेत संशोधक बाहेरून हवा पुरवल्या जाणाऱ्या बंदिस्त पोशाखात काम करतो आणि बाहेर पडताना त्या पोशाखासह रसायनांच्या फवाऱ्याखाली उभा राहतो. पोशाखाच्या जाड हातमोज्यांतून छोटी कुपी अचूक उचलण्याचा सराव त्याने आधीच, कमी धोक्याच्या प्रयोगशाळांत केलेला असावा लागतो.

या सगळ्यातून लस निघते, पण ती केव्हा निघेल हे संशोधकाच्या हाती नसते. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्नाटकातील कोलार येथे मिळालेला जपानी मेंदूज्वराचा विषाणू संस्थेने जपून ठेवला आणि त्याचा सविस्तर अभ्यास केला. त्याच्यावर आधारित ‘जेनव्हॅक’ या लशीला परवाना मिळाला तो २०१३ मध्ये. मधल्या तीन दशकांत माणसे निवृत्त झाली आणि कुपी मात्र फ्रीझरमध्ये राहिली. याउलट कोविडच्या वेळी देशातील पहिल्या रुग्णाचे निदान ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर झाले, मार्चमध्ये पुण्यात विषाणू वेगळा करण्यात यश आले, आणि त्याच विषाणूपासून भारत बायोटेकने तयार केलेल्या ‘कोव्हॅक्सिन’ला ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली. हा वेग एका वर्षात आलेला नव्हता. २०१८ मध्ये केरळातील निपाहचे निदान करणारी प्रयोगशाळा आणि तेथे तयार झालेली माणसे साथीच्या आधीपासून सज्ज होती.

तरीही सर्वच कुप्यांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा येथील तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला, पण विषाणू फारसा धोकादायक वाटला नाही, आणि पुढे जवळजवळ चार दशके त्याच्याकडे जगाचे विशेष लक्ष गेले नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याच विषाणूने लहान मुलांचे बळी घेतले. बहुधा वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूवर अद्याप लस नाही. यंदा प्रयोगशाळेत पेशी जगवायला शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्यासमोर हे काम आहे.