ताडपत्रीखालच्या पद्मिनीला चावी लावण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो. ठाण्यात, नौपाड्यात, पाचपाखाडीत एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली, की आवारात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीचा प्रश्न निघतो. कधी ती प्रीमियर पद्मिनी असते. भंगारवाला भाव सांगून जातो, घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘चालू होते का बघू तरी!’ आणि नवी बॅटरी जोडून थेट चावी फिरवली जाते. कृपा करून एवढं करू नका.

आपल्या शेजारच्या कुर्ल्यात तयार झालेली ही गाडी. मूळ घराणं फियाट ११०० चं, इंजिन १०८९ सीसीचं, अगदी साधं. म्हणूनच ती पुन्हा उभी राहू शकते.

पण वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरून बसलेल्या असू शकतात. त्यात आपली खाडीकाठची दमट हवा! स्टार्टरने जोर लावला तर रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडे पडतात. आधी चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस थांबा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावा आणि हातानेच हळूहळू फिरवा. अडलं तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. मोकळं झालं की जुनं ऑइल काढून नवं भरा.

टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढून टाका. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडलात की तळाशी पिवळट, चिकट थर दिसेल. पेट्रोल उडून गेल्यावर मागे उरलेला तो डिंक. त्यातले पितळी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोंडं, उजेडासमोर धरा. बारीक भोकातून पलीकडचं दिसलं पाहिजे. तिथे तार खुपसू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे. पेट्रोलचे रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) नवाच घाला. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का, हेही बॅटरी जोडण्याआधी बघा. उघडी तार आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली तर गाडी पेटते.

आणि ब्रेक. इंजिनाच्या आनंदात हेच राहून जातं, मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, चाकाजवळचे ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर आतून गंजतात. चारही चाकांचे ब्रेक ड्रम उघडून घ्या, सिलिंडरमधल्या रबरांचं किट बदला. टायर दिसायला चांगले असले तरी बाजूच्या भेगा बघा.

इंजिन सुरू झालं की आधी ऑइलचा लाल दिवा विझतोय ना, ते पाहा. नाही विझला तर लगेच बंद करा. रस्त्यावर काढण्याआधी आरटीओतली नोंदणी, विमा आणि पीयूसी पूर्ण करा. पहिली फेरी तलावपाळीपर्यंतच, तीही पहाटे. घोडबंदर रोडच्या कोंडीत रेडिएटरची परीक्षा नंतर घेता येईल.