पुराआधी बोटीचं इंजिन बांधताना

नमस्कार श्रोतेहो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. बोटीची आठवण मात्र पाणी चढल्यावरच होते. वर्षभर शेडमध्ये पडलेलं, बोटीच्या मागं लावायचं टू-स्ट्रोक इंजिन तेव्हा दोरी ओढून ओढून खांदा दुखवतं, पण चालू होत नाही. म्हणून इंजिन बांधायचं, म्हणजे खोलून दुरुस्त करून पुन्हा जोडायचं, हे बोलणं उन्हाळ्यातच.

प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजा. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर हेड खोला. बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीच्या, भिंतीवर उभे ओरखडे दिसतील. त्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर नुसत्या होनिंगनं, म्हणजे भिंत हलकी घासून, भागायचं नाही, बोअर करावाच, म्हणजे ती नळी आतून कापून मोठी करावीच लागेल.

पण थांबा, लगेच उद्यमनगरातल्या कारागिराकडे धावू नका. सिलिंडर का गेला, हे आधी शोधा. एकच गेला असेल तर त्याचा कार्ब्युरेटर बघा. त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक, कचऱ्यानं बुजला की पेट्रोल कमी पडतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच तेल येतं, म्हणजे वंगणही कमी. दोन्ही गेले असतील तर पाण्याचा पंप खोला. हे इंजिन नदीचंच पाणी ओढून थंड होतं. पुरात गाळ, उसाचा पाला, प्लास्टिक, सगळं तिथं येऊन बसतं. शिवाय नुसत्या पडून राहिलेल्या इंपेलरची, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्राची, रबरी पाती वाकलेलीच राहतात. तो शंभर टक्के नवा घाला, त्यात काटकसर नको.

आता बोअर. ओव्हरसाईज, म्हणजे मूळ मापाहून मोठा, पिस्टन आणि रिंगा हातात आल्याशिवाय ब्लॉक कारागिराकडे द्यायचा नाही. बोअर पिस्टनच्या मापानं करायचा असतो; आधी बोअर मारून मग त्या मापाचा पिस्टन शोधत फिरणारे मी बघितलेत. जुन्या मॉडेलचा पिस्टन मिळालाच नाही, तर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, बसवून मूळ मापावर यायचा मार्ग आहे. आपल्या कारागिरांचा हात ऑइल इंजिनावर बसलेला, काम चोख. पण ऑइल इंजिनाच्या लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जायची भोकं, नसतात, इथं असतात. बोअरनंतर पोर्टांच्या कडा सुरीसारख्या होतात आणि रिंग त्यात अडकून मोडते. कडांची धार मोडायला आठवणीनं सांगा. येझदी-राजदूत या टू-स्ट्रोक मोटरसायकली बांधलेला एखादा जुना मिस्त्री भेटला तर उत्तमच, त्याला हे सांगावं लागत नाही.

जोडताना रिंगेचं तोंड, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, पिस्टनच्या खाचेतल्या पिनेवर आलंय ना, बघा. क्रँकचे ऑइल सील नवे घाला. तिथून हवा ओढली गेली तर नवा पिस्टनही जळेल.

चालू करताना इंजिनचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, पाण्यानं भरलेल्या पिंपात बुडवा, कोरडं अर्धा मिनिटही नको. बाजूच्या भोकातून पाण्याची धार आली नाही तर लगेच बंद करा. कंपनी साधारणपणे 50 ला 1, म्हणजे 50 भाग पेट्रोलला 1 भाग तेल, सांगत असेल, तर सुरुवातीचे तास 25 ला 1 ठेवा. धूर होईल, होऊ दे.