‘जागा गेली हो’

(दृश्य: कर्वे रस्ता, जूनमधली सकाळ. विजेच्या खांबावर चिकटवलेली ‘रूम भाड्याने देणे आहे’ची चिठ्ठी. खाली फोन नंबराच्या फाडायच्या पट्ट्या, अर्ध्या गेलेल्या.)

जून उजाडला की पुण्यात पाऊस येतो आणि त्याच्याबरोबर खोली शोधणारी मुलं येतात. पाठीवर सॅक, हातात मोबाइल, सोबत दमलेले आईवडील. लातूरची, जळगावची, पाटण्याची, इंफाळची, खार्टूमची. या शहराने आपलं घर चालवलं ते बऱ्याच अंशी या मुलांच्या भाड्यावर.

फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो तो आडनावाचा. मग गाव. मग ‘नॉनव्हेज चालत नाही हं’. आणि नाव न कळणारं असेल, उच्चार वेगळा वाटला, तर एक वाक्य ठरलेलं असतं. ‘जागा गेली हो.’ चिठ्ठी मात्र खांबावर आणखी तीन आठवडे असते.

पुण्याबद्दल बाहेर जे बोललं जातं त्यात तुसडेपणा पहिला. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. पाट्या, दुपारची झोप, पत्ता विचारणाऱ्याला दिलेलं उत्तर, हे आम्ही कौतुकाने सांगतो. म्हणून कुणी म्हणालं की पुण्यात वंशभेद आहे, तर आमचं उत्तर तयार असतं: अहो, आम्ही सगळ्यांशीच असे वागतो. मीही हे उत्तर खूप वर्षं दिलं. ते खरं नाही.

(दृश्य: कोथरूडमधली एक जुनी सोसायटी. जिना. दाराबाहेर चपलांचा स्टँड.)

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा छोटा फ्लॅट रिकामा होता. एजंट एका मुलाला घेऊन आला. सुदानचा, फार्मसी शिकणारा. कुणी न सांगता त्याने बूट बाहेर काढले. कागदांची फाइल मांडीवर धरून खुर्चीच्या कडेवर बसला. आईने त्याला पाणी दिलं, बेसनाचा लाडू दिला, घरी कोण कोण असतं ते विचारलं. तो गेला आणि आईने एजंटला फोन लावला. ‘जागा गेली म्हणून सांगा.’ मी त्याच खोलीत होतो. काही बोललो नाही.

माझी आई वाईट बाई नव्हती. तिने दिलेला लाडू मनापासूनचा होता. पण पाहुणा म्हणून चालणारा माणूस भाडेकरू म्हणून चालत नाही, ही रेघ तिला कुणी शिकवावी लागली नव्हती. सोसायटीतले लोक काय म्हणतील, एवढंच कारण तिने दिलं. सोसायटीला कुणी विचारलंच नव्हतं.

घरमालकांचं दुसरं कारण असतं कागदपत्रांचं. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांच्या आत त्याच्या नोंदणीचा फॉर्म भरायचा, पोलिसांत कळवायचं, कोण करणार ती कटकट? ठीक. पण तोच फॉर्म जर्मन इंजिनिअरसाठीही भरावा लागतो. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जर्मन भाडेकरू मिळाला तर घरमालक तो फॉर्म आनंदाने भरतो, आणि ‘आमच्याकडे जर्मन राहतात’ असं लग्नाकार्यात सांगतो. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम आला. लाल झग्यातल्या गोऱ्या माणसांना नावं ठेवली गेली, भरपूर ठेवली गेली. तरी त्यांना बंगले, आउटहाउस, गॅरेजवरच्या खोल्या मिळाल्या. आमचा तुसडेपणा कातडी बघून सैल होतो, हे मान्य करायला हवं.

आपल्या भाषेतच बघा. गोरा माणूस ‘फॉरेनर’. काळा माणूस कितीही लांबून आला, कितीही शिकला, तरी त्याच्या पाठीमागे ‘हबशी’, ‘काळू’. हबशी म्हणजे खरं तर हबसाणातला, आजच्या इथिओपियातला. मलिक अंबर तिथलाच. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला. पुण्याची जहागीर भोसल्यांना मिळाली ती याच निजामशाहीकडून, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. त्याची जमीनधाऱ्याची पद्धत पुढे मराठी मुलखात नावाजली गेली. शाळेत हे शिकवतात. तरीही शब्द शिवीसारखाच वापरला जातो.

(दृश्य: पुणे स्टेशन, रात्र. फलाटावर बॅगांवर बसलेले तरुण.)

ऑगस्ट २०१२. आसामात कोक्राझारकडे दंगल पेटली होती. इथे, अडीच हजार किलोमीटरवर, पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांना गाठून मारहाण झाली. मार खाणाऱ्यांत मणिपुरी होते. मणिपूरचा त्या दंगलीशी काय संबंध? काहीच नाही. चेहरा तसा दिसला, एवढं पुरलं. मग अफवा सुटल्या, मोबाइलवर संदेश फिरले, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, सगळीकडून माणसं निघाली. पुणे स्टेशनवर हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या भरल्या. केंद्र सरकारला देशभर एकगठ्ठा एसएमएसवर बंदी घालावी लागली, एका वेळी पाचांनाच पाठवायचे. लोक हे विसरले. ज्यांच्या सलूनमध्ये आपण केस कापतो, ज्यांच्या हातचे मोमो खातो, ते विसरले असतील असं मला वाटत नाही.

मार्च २०२० ला पुन्हा तेच. ईशान्येकडच्या मुलांना देशभर ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले होते, ९ मार्चला. ते दुबईची सहल करून आलेलं पुणेकर दांपत्य होतं.

कायदा यात कितपत येतो? संविधानाचं पंधरावं कलम दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांचं नाव घेऊन सांगतं की तिथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून कुणाला अडवायचं नाही. भाड्याच्या खोलीचा उल्लेख त्यात नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून होणाऱ्या अपमानासाठी फौजदारी कायद्यात वेगळी कलमं सुचवली. ती अजून झालेली नाहीत.

(दृश्य: गंज पेठ. फुले वाड्याचं अंगण. हौद. कॅमेरा पाण्यावर स्थिर.)

हा हौद बघा. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक हौद नव्हे, घरचा. पाच वर्षांनी, १८७३ मध्ये, त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवलं. पुण्याच्या एका पेठेत बसून त्यांनी ओळखलं होतं की तिकडचा रंग आणि इकडची जात या एकाच कामाच्या दोन तऱ्हा आहेत.

म्हणून ‘आपल्याकडे वंशभेद नाही, जात असेल फार तर’ हे ऐकलं की मला राग येतो. सुदानच्या मुलाला नकार देणारा हात नवा नाही. कांबळेंना, शेखांना नकार देऊन देऊन तो तयार झालेला आहे. १९२९ मध्ये पर्वतीच्या देवळात प्रवेश मागणाऱ्या सत्याग्रहींवर याच शहरात दगड पडले. दगड थांबले. शहराने त्याऐवजी गोड आवाज शिकून घेतला.

तरी हेच शहर दुसरंही काही करतं, आणि ते मी वगळलं तर खोटं ठरेल. फर्ग्युसनच्या वसतिगृहात शां. ब. मुजुमदार रेक्टर होते. एक मुलगी खिडकीतून एका मुलाला जेवण देताना त्यांना दिसली. संशयाने ते चौकशीला गेले. मुलगा मॉरिशसचा होता, कावीळ झालेला, खोलीत एकटा पडलेला. त्याला इथे कुणी नव्हतं, म्हणून ती डबा आणत होती. त्या अस्वस्थतेतून १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली, परदेशी विद्यार्थ्यांना इथे आपलं कुणी असावं म्हणून. संस्थेची गोष्ट मोठी आहे. मला मात्र ती खिडकी जास्त आठवते. पुण्यात परक्या मुलाला जेवण द्यायचं तर ते दारातून देता येत नव्हतं.

हे शहर वंशभेदाच्या या बदनामीला पात्र आहे का? रस्त्यावरच्या हाणामारीसाठी म्हणाल तर २०१२ चे ते दिवस सोडून मी इतर शहरांपेक्षा वाईट म्हणणार नाही. भाड्याच्या खोलीसाठी म्हणाल तर हो. पूर्णपणे पात्र आहे. आणि ते आमच्या घरात घडलेलं मी पाहिलं आहे.

(दृश्य: तोच कोथरूडचा फ्लॅट. रिकामा. खिडकीबाहेर पाऊस.)

आई गेली. फ्लॅट आता माझ्या नावावर आहे, आणि या जूनमध्ये तो पुन्हा रिकामा झाला. परवा एका मुलीचा फोन आला. नर्सिंगला प्रवेश मिळालेला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत ती म्हणाली, ‘मैं मणिपुर से हूँ, चलेगा ना?’

खोली कुठे आहे, पाणी किती वेळ येतं, डिपॉझिट किती, हे तिने त्यानंतर विचारलं.