रंगीचं नाक आणि घोणशीची वाट

[वेताळ टेकडी, पुणे. डिसेंबर. उजाडायच्या आधीचा करडा उजेड. वाळक्या पानांवर पावलांचा आवाज.]

सकाळचे साडेसहा वाजलेत. खाली कोथरूडचे दिवे अजून मालवलेले नाहीत. वर गिरिपुष्पाच्या झाडीत मोराने एकदाच हाक दिली आणि तो गप्प झाला. मी गेली नऊ वर्षं या टेकडीवर चालायला येते. त्यातली सहा वर्षं माझ्याबरोबर रंगी आहे.

रंगी गावठी कुत्री. तांबूस अंग, एक कान ताठ, दुसरा अर्ध्यातून मोडलेला. तिच्या नाकाशेजारी, उजव्या बाजूला, रुपयाएवढा पांढरा ठिपका दिसतोय ना, तो जन्माचा नाही. तो घोणशीच्या चाव्याचा आहे.

[जवळून : रंगीचं नाक, जमिनीलगत.]

टेकडीवर आलं की मी समोर बघून चालते आणि रंगी खाली मान घालून. रात्री इथून कोण गेलं, मुंगूस, घूस की दुसरं कुत्रं, ते ती हुंगत जाते. तिच्या टाळूच्या वर, नाकाच्या तळाशी एक वेगळं इंद्रिय आहे. त्याला जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. सापालाही हेच इंद्रिय असतं. साप जीभ लपलप करतो ती कुणाला डसण्यासाठी नव्हे. हवेतले आणि मातीवरचे वासाचे कण ती दुभंगलेली जीभ उचलते आणि तोंडात नेऊन या इंद्रियापाशी पोचवते. उंदीर कुठल्या बाजूला गेला, हे घोणशीला असं कळतं.

म्हणजे जिथून उंदरांची रोजची ये-जा, तिथे रंगीही ओढली जाणार आणि घोणसही. रंगी वासामागे धावते. घोणस मात्र अशा वाटेच्या कडेला वेटोळं घालून बसते. उंदीर आज ना उद्या इथूनच जाणार, म्हणून ती तास न् तास जागची हलत नाही.

कुत्र्याला टेकडीवर आणण्याआधी हे मला कुणी सांगायला हवं होतं.

[जुलै. भुरभुर पाऊस. गुडघाभर हिरवं गवत.]

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा लागून महिना झाला होता. मी रंगीची दोरी सोडलेली होती. रोजच सोडायचे. दिवसभर फ्लॅटमध्ये असते बिचारी, इथे तरी मोकळं पळू दे, असं वाटायचं. खाणीच्या अलीकडे ती गवतात घुसली, आणि कुकरची शिट्टी सुटण्याआधी वाफ फुसफुसते ना, तसा आवाज आला. लांबलचक. घोणशीचा तो इशारा होता. मला तो ओळखता आला नाही आणि रंगीने ऐकला नाही. पुढच्या क्षणी ती किंचाळली.

पंजाने नाक घासत ती मागे सरकत बाहेर आली. नाकाशेजारी रक्ताचे दोन ठिपके. गवताच्या बुंध्याशी मला ते तपकिरी अंग दिसलं, त्यावर काळपट कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी, साखळ्या मांडून ठेवाव्यात तशा. घोणस पळाली नाही. डोकं मागे घेऊन तिथेच बसून राहिली.

मी रंगीला दोरी लावली आणि तिला घेऊन धावत सुटले. समोरून रोज भेटणारे एक काका येत होते. ते ओरडले, “ताई, पळवू नका तिला! उचला, उचला!”

पळण्याने स्नायू हलतात, रक्त जोरात फिरतं आणि विष अंगभर लवकर पसरतं. काकांनी अंगातला रेनकोट काढून त्याची झोळी केली. अठरा किलोची कुत्री आम्ही दोघांनी त्या झोळीतून खाली आणली. अर्ध्या वाटेवरच तिचं तोंड एका बाजूने सुजून डोळा मिटायला लागला होता.

एक गोष्ट कबूल करते. चावा नाकाशेजारी होता म्हणून काही बांधता आलं नाही. पायाला असता तर मी ओढणी करकचून आवळली असती. घोणशीचं विष मांस कुजवतं. आवळून बांधलं तर ते तिथेच कोंडून राहतं आणि पाय गमवायची वेळ येते. चिरायचं नाही, चोखायचं नाही, वर हळद-मिरची काही लावायचं नाही. गळ्यातला पट्टा मात्र लगेच काढायचा, कारण सूज मानेपर्यंत उतरली की तोच पट्टा गळफास होतो. रंगीचा पट्टाही काकांनीच काढला.

गाडीत बसल्यावर मी पहिल्या दवाखान्याला फोन लावला. तिथे सर्पदंशाचं औषध नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “साप कसा दिसत होता?” मी ठिपक्यांच्या तीन ओळी सांगितल्या. ते म्हणाले, “औषध आहे माझ्याकडे. या.” फोन न करता मी नेहमीच्याच दवाखान्यात गेले असते तर अर्धा तास हकनाक गेला असता.

[काचेची नळी, टेबलावर उभी. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज.]

डॉक्टरांनी रंगीच्या पुढच्या पायातून थोडं रक्त घेतलं, एका कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत ओतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. म्हणाले, “आता वीस मिनिटं हिला हात लावायचा नाही.”

निरोगी रक्त एवढ्या वेळात थिजतं. नळी कलंडली तरी गोळा जागचा हलत नाही. घोणशीच्या विषाने रक्त गोठवणारे घटक खर्ची पडतात, मग रक्त पाण्यासारखं पातळच राहतं. नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून ते वाहायला लागतं. पुढे मूत्रपिंडं बंद पडतात. या साध्या नळीसाठी वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. माणसांच्या सरकारी दवाखान्यांतही घोणस चावल्याचा संशय असला की हीच चाचणी करतात.

त्या वीस मिनिटांत डॉक्टर बसून नव्हते. शिरेत सुई घातली, सलाइन लावलं. रंगी टेबलावर पडून माझ्याकडे बघत होती, एकाच डोळ्याने, दुसरा सुजेत गेला होता. मी तिच्या मानेखाली हात ठेवून नळीकडे बघत राहिले. मनातल्या मनात त्या रक्ताला सांगत होते, गोठ रे बाबा, गोठ.

वीस मिनिटं झाली. डॉक्टरांनी नळी आडवी केली. रक्त काचेवरून सरळ ओघळलं.

[औषधाची कुपी. पांढरी भुकटी पाण्यात विरघळते आहे.]

ही ती कुपी. रंगीला अशा चार लागल्या. औषध माणसांसाठी बनतं. आपल्याकडे कुत्र्यांनाही तेच देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर ते चालतं. आंबोलीच्या जंगलात कुत्रं घेऊन जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथल्या झाडांवरचा चापडा या चारांत येत नाही. त्याच्या विषावर ही कुपी कामाची नाही.

या कुपीमागे बरेच हात आहेत. देशातलं विष मुख्यतः तमिळनाडूतून येतं. तिथले इरुला आदिवासी पिढ्यान् पिढ्या साप पकडत आलेले. पूर्वी ते कातड्यांसाठी पकडत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बंद पडला आणि 1978 मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आता ते साप पकडतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. ते विष अगदी थोडंथोडं घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो आणि तो शुद्ध करून कुपीत भरतात. सापाचं विष, इरुलांचे हात, घोड्याचं रक्त, हे सगळं त्या सकाळी माझ्या कुत्रीच्या शिरेत उतरत होतं. मी आजही या कुपीकडे बघते तेव्हा हात जोडावेसे वाटतात.

सहा तासांनी पुन्हा नळी भरली. या वेळी रक्त गोठलं. पुढचे दहा दिवस मूत्रपिंडाच्या तपासण्या चालू राहिल्या. नाकाशेजारचं कातडं काळं पडून गळालं आणि तिथे पांढरे केस आले.

[उन्हात पसरलेली धामण. मग ती सरसर झुडपात जाते.]

नंतर मी एका सर्पमित्राबरोबर टेकडी पुन्हा फिरले. रंगीला न घेता. खरं सांगायचं तर भीती घालवायला गेले होते. त्याने आधी धामण दाखवली. माणसाची चाहूल लागली की ती निघून जाते, ती बिनविषारी आहे आणि उंदीर खाते. तिच्या शेपटीत विष असतं, ती म्हशीचे पाय बांधून दूध पिते, असल्या गोष्टी ऐकून माणसं तिला ठेचतात. मला ते फार लागतं.

घोणस दिसली नाही, पण ती कुठे असेल हे कळलं. थंडीत नर माद्यांच्या शोधात फिरतात, तेव्हा त्या जास्त दिसतात. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तीही वीस-वीस, तीस-तीस. साधारण पावसाळ्याच्या सुरुवातीला. पिल्लू जन्मापासून विषारी असतं. आणि अनेकांना ते अजगराचं पिल्लू वाटतं.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, आपल्या देशात वर्षाला सरासरी 58,000 माणसं सर्पदंशाने जातात. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. त्यांच्या वाटेवर दवाखाना पंचवीस मिनिटांवर नसतो. रंगी वाचली हे सांगताना ते मला विसरता येत नाही.

[पुन्हा डिसेंबर. उजेड वाढलाय. सहा फुटी दोरी, ताणलेली.]

आता दोरी सुटत नाही. सहा फूट, त्याहून लांब नाही. माझ्या हातात काठी असते. गवतापुढे, पानांच्या ढिगापुढे ती आपटत जाते, सापाला जमिनीची थरथर कळते म्हणून. पण घोणस थरथर कळूनही बसून राहू शकते, त्यामुळे खरी भिस्त दोरीवरच. शिवाय दोरी असली की तितरांची आणि टिटवीची पिल्लंही सुखरूप राहतात.

[रंगी थांबते.]

बघा. ती थांबली. नाक पुढे, एक पाय उचललेला. वाळक्या गिरिपुष्पाच्या पानांत मला काही दिसत नाहीये. कॅमेरा धरणाऱ्यालाही नाही.

आता दिसलं. डावीकडच्या दगडाखाली. पानांच्याच रंगाचं वेटोळं, साखळीच्या तीन ओळी. आठ फुटांवर आहे.

“रंगी, चल.”

[दोरी हळूच मागे येते. दोघी वळतात. घोणस आहे तिथेच. वरच्या पायवाटेने पाठमोऱ्या जाणाऱ्या दोन आकृत्या.]