भांड्यावर नाव घालता, मग फोटोवर का नाही?

(पुण्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘घरगुती छायाचित्रांचं जतन आणि शहराचा इतिहास’ असा छापलाय. जतनाकडे मी येणारच आहे, पण आधी मला भांड्यांविषयी बोलायचंय.

नाव घातलेलं भांडं किती जणांच्या घरी आहे? बघा, जवळजवळ सगळे हात वर. बारशाची वाटी, मुंजीतला तांब्या, लग्नातली ताटं. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव, ‘सप्रेम भेट’, खाली तारीख. आता सांगा, त्याच मुंजीच्या फोटोमागे माणसांची नावं किती जणांनी लिहिली आहेत? पहिल्या रांगेतल्या काकू, तुमचा एकट्यांचाच हात दिसतोय. काकूंसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत!

हे मला सुचलं ते पाणी तापवायच्या एका बंबावरून. १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. इथे बसलेल्या अनेकांनी ते पाहिलंय, मी नव्याने काय सांगणार? लकडी पूल पाण्याखाली गेला. पूर ओसरल्यावर राहिला तो गाळ. नळाला पाणी नाही, कारण शहराला पाणी पुरवणारं धरणच वाहून गेलेलं. पेशवाईत कात्रजहून आणलेल्या पाण्याचे हौद आणि वाड्यांतल्या विहिरी, ज्यांच्याकडे लोकांनी पाठ फिरवली होती, तिथे पुन्हा रांगा लागल्या.

त्या दिवसांतला म्हणून एक फोटो फिरतो. तुमच्याही मोबाइलवर आला असेल. खाली लिहिलेलं असतं, ‘पानशेतचा पूर, लकडी पूल परिसर’. एक बोळ, भिंतीवर पहिल्या मजल्याच्या सज्जापर्यंत ओलीची रेघ, रस्त्यात पालथं पडलेलं कपाट. पुढे गाळाने माखलेला बंब आणि त्याला टेकून उभी दोन पोरं, गुडघ्यापर्यंत चिखल. नारायण पेठेतल्या एका आजींना मी तो मोठा करून दाखवला. मला पुराविषयी विचारायचं होतं. त्या पुराचं बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, “अरे, हा आमचा बंब! हा पोचा बघ. दिराने जिन्यावरून सोडला होता, तेव्हाचा.” मग म्हणाल्या, “आणि हा लकडी पूल नव्हे रे. ही शनिवार पेठ.”

कशावरून? तर सासरे स्वतः हातगाडी घेऊन बंब आणायला गेले होते. नारायण पेठेतून निघालेला बंब पाण्याबरोबर शनिवारातल्या बोळात जाऊन रुतला. या पोरांनी तो उकरून काढला, कडेवरचं नाव पुसून वाचलं आणि विचारत विचारत निरोप धाडला. तांब्याची वस्तू! विकली असती तर त्या दिवसांत कोण विचारणार होतं? पण नाव होतं ना त्यावर. मी विचारलं, “आजी, ही मुलं कोण?” आजी बराच वेळ फोटो न्याहाळत राहिल्या. म्हणाल्या, “मामंजींनी चहा पाजला त्यांना. नाव विचारलं होतं की नाही, देव जाणे.”

बंब कुणाचा ते आज आपल्याला माहीत आहे. तो परत करणारी मुलं कोण, हे माहीत नाही. मला याची फार टोचणी लागते. ती मुलं आज ऐंशीच्या आसपास असतील. कदाचित याच शहरात असतील.

म्हणून मजकुराशिवाय फोटो पुढे ढकलणाऱ्यांवर माझा राग आहे. ‘जुनं पुणं’ एवढं लिहून भागत नाही. कुणाच्या घरातला, कुणी काढला, कुणी ओळखला, हे गळून पडलं की त्या बोळाचा लकडी पूल व्हायला वेळ लागत नाही. आणि दुसरा राग असा. एका प्रदर्शनासाठी एका कुटुंबाने आपला मूळ फोटो दिला. मागे आजोबांच्या हातची चार ओळींची नोंद होती. तो परत आला तो पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेला. सोडवायला गेलं तर कागद फाटतो. त्या चार ओळी आता कुणीच वाचू शकत नाही. समोरची बाजू मात्र छान चकचकीत आहे!

शनिवारवाड्याचे फोटो पुष्कळ आहेत हो. मला हवेत पुरानंतरचे. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरला अर्धगोल छपरांची घरं उभी राहिली, लोकमान्यनगर वसलं, सहकारनगर वाढलं. पेठेतल्या वाड्यातून उठून माळावर राहायला गेलेल्या बाईने तिथे पहिली दिवाळी कशी केली? तो फोटो कुणाच्या तरी अल्बममध्ये नक्की आहे. ‘त्यात काय बघायचंय’ म्हणून तो बाहेर येत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली आहेत. तेव्हा जतनाचं भराभर सांगतो, लिहून घ्या.

काळ्या पानांच्या, कोपऱ्यांत फोटो अडकवायच्या अल्बमला हात लावू नका, तो बरा आहे. चिकट पानं आणि वर प्लॅस्टिक असलेले नंतरचे अल्बम मात्र फोटो खातात. त्यातून फोटो हलक्या हाताने काढा, ओढू नका. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. स्कॅन सहाशे डीपीआयला, आणि दोन्ही बाजूंचा. मागची बाजू कोरी असली तरी करा, स्टुडिओचा शिक्का पुष्कळदा नंतर दिसतो. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलने, कडेला, न दाबता. बॉलपेन नको, त्याचे वळ समोर उमटतात. डावीकडून उजवीकडे नावं लिहा. एखादं आठवत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजाने नाव ठोकू नका. आणि ओळख कुणी पटवली त्यांचंही नाव लिहा, तारखेसह. उद्या कुणी वेगळं सांगितलं तर आधीचं खोडू नका, खाली लिहा. मूळ फोटो घरीच ठेवा, बाहेर द्यायची ती प्रत.

हे घरातल्या थोरांना समोर बसवून करा, गणपतीत सगळे जमतात तेव्हा. मोबाइलवर त्यांचा आवाज टिपत राहा, कारण आजी बंबाचं सांगतील ते तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसेल.

बाहेर दाराशी टेबलावर स्कॅनर आहे. ज्यांनी आज फोटो आणलेत त्यांनी तिकडे चला, मूळ प्रत लगेच हातात परत मिळेल. बोळाचा तो फोटोही तिथेच मोठा करून लावलाय. शनिवार पेठेतले कुणी असतील तर त्यांनी आधी या, आणि त्या दोन मुलांकडे नीट बघा.