साक्यावरची वाइन

मंडळी, आजचा विषय कळल्यावर वाचनालयाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "चाखायला काही ठेवलंय का हो?" नाही ठेवलेलं. आज नुसतंच बोलणं.

अथणीकडचे बागायतदार समोर दिसतायत, तेव्हा द्राक्षापासूनच सुरू करू. फ्रान्सच्या पश्चिमेला, ल्वार नदी समुद्राला मिळायच्या थोडं अलीकडं नांत नावाचं शहर आहे. त्याच्या आसपास 'मेलों द बुर्गोन्य' नावाचं पांढरं द्राक्ष पिकतं आणि त्याच्या वाइनला म्हणतात मस्काडे. जात घराण्यातली, शार्दोने या नावाजलेल्या पांढऱ्या द्राक्षाची सख्खी बहीण. पण वासाला, चवीला बेताची. मग तिथं टिकली कशी? थंडीमुळं. 1709 च्या हिवाळ्यात युरोप अक्षरशः गोठला, नांतकडच्या बागा जळाल्या. पुन्हा लावताना शेतकऱ्यांनी गारठा सोसणारी ही जात धरली. डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळायला हलकी पांढरी वाइन हवीच होती, त्यामुळं गिऱ्हाईकही तयार. अवकाळीनं बाग झोपल्यावर पुढं काय लावायचं, हा हिशेब तुम्हाला मी काय सांगणार!

आता मुद्द्याचं. पुष्कळ वाइन ओकच्या पिंपात मुरवतात. लाकडाचा व्हॅनिलासारखा, भाजका वास तिच्यात उतरतो. मस्काडे सहसा त्या वाटेला जात नाही. ती राहते जमिनीखालच्या सिमेंटच्या टाक्यांत. आंबवण संपलं की मेलेलं यीस्ट तळाला बसतं. आपण ज्याला साका म्हणतो तोच. एरवी वाइन निवळून साक्यावरून काढून घेतात. इथं अख्खा हिवाळा तिला साक्यावरच ठेवतात, आणि लेबलावर 'सुर ली', म्हणजे 'साक्यावरची', असं लिहायचं असेल तर पुढच्या वर्षीच्या 1 मार्चआधी बाटलीत भरताच येत नाही. साक्यामुळं पाणचट वाटणाऱ्या वाइनला अंग येतं, पावाच्या कणकेसारखा मंद वास येतो, जिभेवर किंचित चुरचुरतं. लाकडानं दुसऱ्याची चव दिली असती, साका तिचाच. मला ही वाइन आवडते ती एवढ्यासाठी.

तिथल्या काही बागा गॅब्रो दगडावर आहेत. आपल्या काळ्या दगडाचाच तो भाऊ, फक्त जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला. म्हणून दगडाची चव पेल्यात उतरते असं मात्र कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही.

खायचं काय? नांतकडं कच्ची कालवं. आपल्याकडं घाटाखालून मासळी येतेच. तिसऱ्या कमी तिखटात, ओलं खोबरं घालून करा. रवा लावलेली मुडदुशी तळा. त्यावर लिंबू पिळू नका, ते काम वाइन करते. बाटली गार हवी, पण फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबा, नाहीतर थंडीशिवाय काही कळणार नाही. संकेश्वरी मिरचीचा झणझणीत रस्सा असेल तर बाटली उघडूच नका, पैसे वाया. आणि कुंदा? तो तर दूरच ठेवा. गोडाशेजारी ही वाइन लिंबाच्या फोडीसारखी आंबट लागते, आणि त्यात कुंद्याचीही मजा जाते.